पेशीची वेस

शास्त्राच्या पुस्तकात पेशीपटलाविषयी जे काही सांगितलेले असते, त्यातील निम्मे आपल्या स्वयंपाकघरास पूर्वीपासून ठाऊक आहे. मात्र तेथे त्याचे नाव निराळे आहे. काकडी चोचून तिला मीठ लावून ठेवली की घटकाभरात ताटलीत पाणी जमते. कैरीच्या फोडींचेही तसेच. गृहिणी म्हणते, "पाणी सुटले." आम्ही वर्गात त्यास परासरण म्हणतो आणि फळ्यावर व्याख्या लिहितो. मुले ती पाठ करितात, परीक्षेत उतरवितात, आणि मे महिन्यात घरी आई लोणच्याच्या कैऱ्या चिरीत बसली असता तीच गोष्ट डोळ्यांसमोर घडत असूनही तिला ओळखीत नाहीत. बावीस वर्षे हा विषय शिकवीत असता आम्हांस याचे नेहमी वाईट वाटत आले आहे. यंदा वार्षिकासाठी शास्त्रविषयक काही लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा हाच विषय घेण्याचे आम्ही ठरविले. हा केवळ गुणांचा विषय नाही. यातील एक लहानसा मुद्दा ठाऊक असणे वा नसणे यावर घरातील मुलाचा जीव अवलंबून राहू शकतो. म्हणून विद्यार्थ्यांनी हा लेख वाचल्यावर तो आपल्या मातापित्यांपुढे ठेवावा अशी विनंती आहे.

प्रथम वर्गातील प्रयोग सांगतो. दोन बटाटे घ्यावेत, एक कच्चा व दुसरा उकडलेला. दोहोंची साल काढून बूड सपाट कापावे, वरच्या बाजूने वाटीसारखा खळगा कोरावा, त्यात चमचाभर साखर घालावी आणि दोन्ही बटाटे थोडे पाणी असलेल्या बशांत ठेवून द्यावेत. दुसऱ्या दिवशी पाहावे तो कच्च्या बटाट्याचा खळगा पाण्याने भरलेला असतो, उकडलेल्याचा भरत नाही. (पूर्वी हा पाठ आम्ही अंड्यावर घेत असू, पण काही घरांतून अंडे आणण्यास अडचण येई. बटाट्यास अद्याप कोणी हरकत घेतलेली नाही.) मुलांस कच्च्या बटाट्याचे नवल वाटते. आम्हांस विचाराल तर खरे नवल उकडलेल्याचे. बटाटा तोच, साखर तीच, पाणीही तेच. मग उकडण्याने गेले काय? गेले ते प्रत्येक पेशीभोवतालचे अत्यंत पातळ असे वेष्टण. ते शाबूत होते तोवर पाण्यास वाट होती व साखरेस अडसर होता, म्हणून पाणी साखरेच्या बाजूस चढत गेले. उष्णतेने वेष्टण नष्ट झाले, आणि अडविणारे कोणीच उरले नाही.

ही ओढ प्रथम नोंदली गेली ती एका फ्रेंच धर्मगुरूच्या हातून. जाँ-आन्त्वान नोले हे १७४८ साली मद्यार्काने भरलेले भांडे हवेपासून सुरक्षित राहावे म्हणून त्यावर डुकराच्या मूत्राशयाची कातडी ताणून बांधून पाण्यात बुडवून ठेवीत होते. काही वेळाने पाहतात तो कातडी फुगून टरारलेली. पाणी आत शिरले होते, मद्यार्क मात्र तितक्या सहज बाहेर येऊ शकला नव्हता.

आता हे वेष्टण आहे तरी कसले? आपल्याकडील जुन्या गावांस गावकूस असे आणि त्यात वेस असे. दिवसा माणसे, गुरे, बैलगाड्या वेशीतूनच आत-बाहेर करीत. पेशीचीही रचना काहीशी तशीच आहे. तिचे गावकूस मात्र तेलाचे आहे. १८९० नंतरच्या दशकात अर्नेस्ट ओव्हरटन या शास्त्रज्ञाने शेकडो पदार्थ जिवंत पेशींवर घालून पाहिले. जे पदार्थ तेलात विरघळतात ते पेशीत सहज शिरतात आणि जे केवळ पाण्यात विरघळतात ते बाहेर अडखळतात, असे त्यास आढळले. त्यावरून वेष्टण स्निग्ध असले पाहिजे असा तर्क त्याने केला. पुढे १९२५ साली हॉलंडमधील लायडेन येथे गॉर्टर व ग्रेंडेल यांनी रक्तातील तांबड्या पेशींचे स्निग्ध द्रव्य काढून पाण्यावर पसरविले. त्याचे क्षेत्रफळ त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. अर्थात वेष्टणात स्निग्ध रेणूंचे दोन थर असले पाहिजेत. यातील गंमत अशी की, त्यांच्या मापनात दोन चुका राहून गेल्या होत्या, पण त्या परस्परविरुद्ध असल्यामुळे एकीने दुसरीस खाल्ले आणि उत्तर बरोबर आले. परीक्षेत अशा रीतीने आलेल्या उत्तरास आम्ही पूर्ण गुण देत नाही, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

या दोन थरांची जाडी इतकी अल्प आहे की, हा अंक ज्यावर छापला आहे त्या कागदाच्या जाडीत तशी दहा हजार वेष्टणे सहज मावतील. प्राणवायूचे रेणू त्यातून पार होतात. परंतु मीठ व साखर यांस तेलाचा हा पापुद्रा ओलांडता येत नाही. त्यांस वेस लागते. या वेशी म्हणजे पटलात रुतून बसलेली प्रथिने होत. प्रत्येक वेशीतून ठराविक पदार्थच जातो, दुसऱ्यास मज्जाव.

पाण्याविषयी मात्र पुष्कळ वर्षे वाद होता. पाणी पटलातून नुसतेच झिरपते, की त्यासही निराळी वाट आहे? अमेरिकेतील पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ साली याचा निकाल लावला, आणि तोही बेडकाच्या अंड्यांच्या साहाय्याने. बेडकाच्या अंडपेशीत पाणी सहसा शिरत नाही. अ‍ॅग्रे व त्यांचे सहकारी यांनी त्या अंडपेशींत रक्तपेशींतील एका प्रथिनाचा संदेश भरला, त्यामुळे त्या ते प्रथिन स्वतःच घडवू लागल्या. मग त्यांस मीठ कमी असलेल्या पाण्यात सोडले. काही मिनिटांतच त्या फुगून फुटल्या. शेजारच्या साध्या अंडपेशी जशाच्या तशा राहिल्या. पाण्याची वेस सापडली होती. या एका वेशीतून सेकंदास अब्जावधी रेणू पार होतात. २००३ साली त्यांस रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढील सारा मजकूर तीवर उभा आहे. पाण्यास स्वतःची मर्जी नाही. वेस उघडी असली तरी पाणी कोठे जावयाचे ते मीठ आणि साखर ठरवितात. ज्या बाजूस विरघळलेले द्रव्य अधिक, त्या बाजूस पाणी जाते. म्हणून शरीरास पाणी हलवावयाचे असले तर ते प्रथम मीठ हलविते, पाणी मागोमाग येते. आणि मीठ हलविण्यास पेशीपाशी एक यंत्र आहे. १९५७ साली डेन्मार्कमधील येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करिता करिता ते शोधून काढिले. मिठातील सोडियमचे तीन कण बाहेर फेकावयाचे आणि पोटॅशियमचे दोन आत घ्यावयाचे, असे हे काम रात्रंदिवस चालू असते. विहिरीवरील राहाटाप्रमाणे उताराविरुद्ध ओढणे असल्यामुळे त्यास शक्तीही लागते. आपण स्वस्थ निजलेले असताना शरीर जी शक्ती खर्चिते तिचा सुमारे पाचवा हिस्सा या राहाटास लागतो असे म्हणतात. स्कौ यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला तो १९९७ साली, शोधानंतर चाळीस वर्षांनी.

आता आतड्याकडे वळू. आपण दिवसास दोनएक लिटर पाणी पितो. परंतु लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातील जवळजवळ सर्व द्रव आतड्याच्या भिंतीतील पेशी परत शोषून घेतात. बाहेर पडतो तो पेलाभर. ही परतफेड थांबली तर काय होते हे पटकीच्या साथींनी आपल्या देशास वारंवार दाखविले आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ खेड्यांत गावाबाहेर मरीआईचे ठाणे असते, आणि साथ आली असता मरीआईचा गाडा शीव ओलांडून पुढील गावाच्या हद्दीत लोटून देण्याची चाल होती. आमचा त्यावर विश्वास नाही; पण त्या गाड्यामागे चालणाऱ्या माणसांच्या भयास हसण्याचे धाडसही आम्हांस होत नाही. कडक पटकीत रोग्याच्या अंगातून ताशी लिटरभर पाणी जाऊ शकते. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस दिवस मावळण्यापूर्वी जात असे.

पटकीचे जंतू आतडे कुरतडीत असतील अशी कल्पना पूर्वी होती. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ दे यांनी १९५९ साली दाखवून दिले की, हे काम जंतूंनी सोडलेल्या एका विषाचे आहे. ते विष पेशीस मारीत नाही, तिच्या भिंतीस भोक पाडीत नाही. ते केवळ एक वेस सताड उघडी ठेविते. त्या वेशीतून मिठातील क्लोराइड आतड्याच्या पोकळीत ओतत राहते, त्यामागे सोडियम जाते, आणि मिठामागे अर्थातच पाणी. गावकूस कोठे ढासळलेले नसते. वेशीवरचा पहारा तेवढा बिघडलेला असतो.

उपाय उघड होता: गेलेले पाणी व मीठ परत घालावे. स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लॅटा याने १८३२ इतक्या पूर्वी ते शिरेतून देऊन पाहिले होते. परंतु शिरेतून देण्यास सुई हवी, निर्जंतुक बाटल्या हव्यात, जाणता हात हवा. साथ येते ती बहुधा या तिन्ही गोष्टी नसतील तेथे. तोंडाने पाजावे तर पाणी शोषले जात नाही, मीठही नाही. येथे वाट खुंटली होती.

ती मोकळी झाली १९६० च्या ऑगस्टमध्ये, प्राग शहरी भरलेल्या एका परिषदेत. रॉबर्ट क्रेन यांनी तेथे असे प्रतिपादन केले की, आतड्याच्या पेशीत द्राक्षशर्करा एकटी शिरत नाही; ती सोडियमच्या सोबतीनेच शिरते. दोघांची वेस एकच. आज आपणांस ठाऊक आहे की आतड्यातील या वेशीत द्राक्षशर्करेच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन कण लागतात. हे जोडीने आत आले की पाणी मागोमाग येते. पुढे स्कौ यांचा राहाट पेशीच्या दुसऱ्या अंगाने सोडियम रक्ताकडे लोटतो. आणि सर्वांत मोलाची गोष्ट ही की, पटकीच्या विषाचा या वेशीवर काही इलाज चालत नाही. रोग कळसास पोचला असतानाही ती शाबूत असते. फक्त तेथे मीठ व साखर दोघांनी मिळून जावे लागते. नुसत्या मिठास ती उघडत नाही, नुसत्या साखरेचेही तेथे भागत नाही.

ज्ञानाचा मार्ग सरळ नसतो याचे येथे एक उदाहरण आहे. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच पटकीच्या रोग्यांस मीठ व द्राक्षशर्करा घातलेले पाणी तोंडाने देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते. परंतु ते का लागू पडते हे तेव्हा कोणासच सांगता येत नव्हते, आणि जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. आमच्या मते हे वैद्यकास भूषणावह नाही. पुढे १९६८ साली ढाक्यात नॅलिन व कॅश यांनी पद्धतशीर चाचणी घेऊन दाखविले की, या पाण्याने शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी होते.

मग १९७१ साल आले. पूर्व बंगालातून लक्षावधी निर्वासित हद्द ओलांडून आले. सरहद्दीवरील बनगाव येथे त्यांच्या छावणीत पटकी पसरली. रुग्णालयाच्या जमिनीवर रोगी दाटीवाटीने पडलेले आणि शिरेतून द्यावयाचा साठा संपलेला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा लिटरभर पाण्यास बावीस ग्रॅम द्राक्षशर्करा, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा प्रमाणाने मिश्रण करविले, पिंपे भरून ठेविली आणि रोग्यांच्या नातलगांसच पाजण्यास सांगितले. बायकांनी, भावांनी, म्हाताऱ्या आयांनी पेल्यापेल्याने ते पाजले. पूर्वी शंभरातील सुमारे तीस रोगी दगावत; ते प्रमाण ३.६ वर आले. हे सद्गृहस्थ २०२२ च्या ऑक्टोबरात वारले. २०२३ साली त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आमच्या वर्गात नावे विचारली असता मुलांस क्रिकेटचे अकरा गडी सांगता येतात, महालनबीस हे नाव अद्याप एकानेही सांगितलेले नाही.

बनगावच्या गोष्टीनंतर सोळा वर्षांनी, १९८७ च्या पावसाळ्यात, आमचा अकरा महिन्यांचा धाकटा भाऊ हगवणीने गेला. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातील एका खेड्यात आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. तो पटकीचा रोग नव्हता; पावसाळ्यात मुलांस होते ती साधी हगवण होती. दोन दिवस चालली. ओढ्यास पूर आल्याने तालुक्याची वाट बंद होती. पहिल्या दिवशी आजीने त्यास पाणी पाजले, ते तसेच पडून गेले. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने पाणी तोडले. "जे घालावे ते बाहेर पडते, पोटास विसावा द्यावा," असे ती म्हणाली. शेजारणींचेही तेच मत पडले. घरात मीठ होते. साखर होती, कारण नाताळास आणलेल्या डब्याच्या तळाशी आई नेहमी थोडी राखून ठेवी. उकळलेले पाणी चुलीवर होते. तिन्ही वस्तू एकमेकींपासून दोन हातांच्या आत होत्या.

आजीस दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तिचे पाहणे खोटे नव्हते, आणि या मुद्द्याकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. मीठ-साखरेचे पाणी सुरू केले म्हणजे जुलाब लागलीच थांबतात असे नाही. पहिल्या दिवशी ते तितकेच होतात. पाहणारास वाटते, दिले ते फुकट गेले. वास्तविक विषाची वेस आपले काम करीतच असते. पण दुसऱ्या वेशीने पाणी आत येत असते, आणि मूल तगते. जुलाब किती झाले एवढ्यावरच नजर न ठेवता मुलाचे डोळे, जीभ आणि लघवी यांकडे पाहावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे. अंगावरचे दूध तोडू नये, अन्नही तोडू नये. कोकणात आजाऱ्यास मीठ घालून तांदळाची पेज देतात. त्या आजीबाईंस सोडियमची वेस ठाऊक नव्हती, परंतु पेजेतील पिष्ठाची पोटात द्राक्षशर्कराच होते, तेव्हा त्यांचा हात अगदी योग्य जागी पडला होता.

प्रमाणाविषयी मात्र हयगय चालत नाही. कित्येक माउल्या प्रेमापोटी साखर वाढवितात. ते घातक आहे, आणि का, हे बटाट्याने आपणांस आधीच सांगितले आहे. साखर फार झाली की ती आतड्यातच पडून राहते व अंगातील पाणी उलट आतड्याकडे ओढते. बाजारातील गोड पेयांचाही दोष हाच. मीठ अधिक झाले तरी धोका आहे. या कारणास्तव २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मिश्रणातील मीठ व साखर दोन्ही पूर्वीपेक्षा कमी केली. आता सोडियम व द्राक्षशर्करा यांचे कण त्यात सारख्याच संख्येने असतात. दुकानातील पाकीट मिळाल्यास तेच घ्यावे आणि त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात सगळे घालावे. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ. पाजण्यापूर्वी स्वतः चाखावे. अश्रूंहून खारट लागल्यास ओतून टाकावे. केलेले पाणी चोवीस तासांपलीकडे ठेवू नये. मूल गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल किंवा शौचात रक्त दिसेल, तर पाजीत पाजीतच दवाखान्याची वाट धरावी.

गेल्या जुलैत पालकसभेच्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत हे पाणी करून दाखविले. आठवीच्या मुलींनी घरोघरचे चमचे गोळा करून आणले होते. ते मोजून पाहता एकाच्या पोटात दुसऱ्याच्या दीडपट साखर मावते असे दिसले, आणि शीग लावून भरल्यास तर काही धरबंधच नाही. तेव्हा पाच मिलिलिटरचे औषधाचे माप वापरणे बरे, असे सर्वांच्या मते ठरले. मागच्या बाकावरील एका माउलींनी विचारले, "गुरुजी, साखरेऐवजी गूळ चालेल का?" चालतो. बांगलादेशात १९८० नंतरच्या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार फिरून एक कोटीहून अधिक घरांतील आयांस हेच शिकवीत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. शिकवून झाल्यावर त्या आईकडूनच ते करवून घेत आणि नमुना तपासावयास नेत. आम्हीही तसेच केले. त्या माउलींनी पाणी ढवळले, चाखले, जरा विचार केला, आणि पेला शेजारणीच्या हाती देऊन मीठ अधिक तर पडले नाही ना असे तिला विचारले.